रिकामी चौकट : स्टोमाच्या स्रावाचा नोंदतक्ता करतानाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

आज कामाला सुरुवात झाली. स्टोमा, म्हणजे मळ किंवा लघवी बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेले तोंड, असलेल्या माणसाला त्यावर लावलेल्या पिशवीत नेहमीपेक्षा वेगळे काही आढळले, तर ते वेळेवर ओळखता यावे आणि डॉक्टरांना किंवा स्टोमा नर्सला नेमक्या शब्दांत सांगता यावे, यासाठी एका पानाचा नोंदतक्ता आणि सोबत चार पानांचे टिपण तयार करायचे आहे. आम्ही पाच जण आहोत. मला इलिओस्टॉमी होऊन सहा वर्षे झाली. एका काकांना कोलोस्टॉमी आहे, दुसऱ्या काकांना मूत्राशय काढल्यानंतर केलेली युरोस्टॉमी आहे, आणि एक तरुणी आपल्या वडिलांच्या इलिओस्टॉमीची देखभाल करते. पाचव्या आमच्या स्टोमा नर्स, ज्यांना आम्ही सगळेच सिस्टर म्हणतो; मजकूर त्या तपासून देणार आहेत.

पहिल्याच बैठकीत ठरले की ‘असाधारण’ हा शब्द तक्त्यात एकटा वापरायचा नाही. शस्त्रक्रियेनंतर मला मिळालेल्या कागदावर ‘असाधारण स्राव आढळल्यास संपर्क साधावा’ असे वाक्य होते, आणि ते वाचून मला काहीही उलगडले नव्हते, कारण साधारण काय असते हेच तेव्हा ठाऊक नव्हते. शिवाय तिघांचे साधारण तीन तऱ्हेचे आहे. इलिओस्टॉमीत लहान आतड्याचा शेवटचा भाग पोटावर उघडतो, पाणी शोषून घेणारे मोठे आतडे वाटेत येतच नाही, म्हणून स्राव दिवसभर सरबरीत लगद्यासारखा येत राहतो. कोलोस्टॉमी मोठ्या आतड्याच्या जितक्या शेवटाकडे, तितका मळ घट्ट. काकांची डाव्या बाजूला आहे आणि त्यांना दिवसातून एकदा किंवा दोनदा नेहमीच्या शौचासारखा मळ येतो. युरोस्टॉमीत लघवी थेंबथेंब अखंड गळत असते. माझ्या पिशवीतले नेहमीचे दृश्य कोलोस्टॉमीवाल्या काकांच्या पिशवीत आले, तर त्यांच्यासाठी तो जुलाब ठरेल.

म्हणून तक्त्याच्या आधी ‘माझे नेहमीचे’ या नावाचे पान ठेवायचे. प्रकृती ठीक असताना सलग सात दिवस ते भरायचे: किती वेळा पिशवी रिकामी केली, किती आले, किती दाट होते, आणि औषधे कोणती चालू होती. पुढची प्रत्येक तुलना या पानाशी करायची, दुसऱ्या कोणाच्या पिशवीशी नाही.

७ फेब्रुवारी

चार दिवस मापाच्या भांड्यात मोजून पाहिले. रिकामी करण्याआधी डोळ्यांनी अंदाज लिहायचा, मग भांड्यात ओतून आकडा लिहायचा, असा क्रम ठेवला. ज्या तीन वेळा मी ‘अर्धी पिशवी’ असे लिहिले, त्या वेळी भांड्यात १४०, २१० आणि ३०० मिलीलीटर भरले. पहिल्या वेळी पिशवी हवेने फुगली होती, तिसऱ्या वेळी ती उभ्याने पाहिली होती आणि सगळा भार तळाशी साचला होता. सहा वर्षे मी डॉक्टरांना ‘रोज पाच-सहा वेळा अर्धी अर्धी’ असे सांगत आले आहे. या सांगण्यातून त्यांना दिवसाचे ७०० मिलीलीटर समजले की १८०० हे मला आज सांगता येणार नाही, आणि ही जाणीव अस्वस्थ करणारी आहे.

आकड्यांबाबत सिस्टरांनी सांगितलेले टिपणात घेतले. आतडे स्थिरावल्यानंतर इलिओस्टॉमीतून २४ तासांत साधारण ५०० ते ८०० मिलीलीटर स्राव येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो याहून जास्त असतो आणि हळूहळू कमी होतो. तो १५०० मिलीलीटरच्या वर जाऊ लागला, तर त्याला अतिस्राव समजून डॉक्टरांना कळवावे. काही ठिकाणी ही मर्यादा २००० धरतात, पण घरी बसलेल्या माणसाने खालची मर्यादा पाळणे बरे. ज्यांना भांड्यात ओतणे नकोसे वाटते त्यांनी पिशवी वजनकाट्यावर ठेवावी आणि रिकाम्या पिशवीचे वजन वजा करावे. एक मिलीलीटर म्हणजे जवळपास एक ग्रॅम, एवढा हिशेब या कामाला पुरतो.

आयुष्यभर रोज मोजत बसावे, असे आमचे म्हणणे नाही. सुरुवातीचे सात दिवस, आणि नंतर जेव्हा काही बिनसल्यासारखे वाटेल ते दिवस, एवढेच मोजायचे.

१२ फेब्रुवारी

रंगपट्टी छापून आणली. पिवळसर, तपकिरी, हिरवा, लाल, काळा आणि फिकट पांढुरका असे सहा चौकोन होते आणि प्रत्येकाखाली त्याचा अर्थ लिहिला होता. संध्याकाळी न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्याखाली ती पट्टी पिशवीशेजारी धरली, तेव्हा माझा रोजचा तपकिरी स्राव पट्टीवरच्या लालसर चौकोनाच्या जवळ जाणारा दिसला. तीच पिशवी खिडकीजवळ नेली आणि शंका उरली नाही. म्हणजे पट्टी दिव्यावर अवलंबून आहे. तिच्या भरवशावर कोणी रात्री दोन वाजता घाबरून जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे निर्धास्त होईल.

रंगांची कारणे मात्र टिपणात राहिलीच पाहिजेत, कारण बहुतेक घाबरवणारे रंग खाण्यातून किंवा औषधातून आलेले असतात. बीट खाल्ल्यावर काही तासांत इलिओस्टॉमीच्या पिशवीत लाल-जांभळा रंग उतरतो, आणि काही जणांची लघवीही गुलाबी होते. टोमॅटोची साल न पचता तशीच येते आणि रक्ताच्या धाग्यासारखी दिसते. लोहाच्या गोळ्यांनी स्राव काळा किंवा काळपट हिरवा होतो. बिस्मथ असलेल्या पोटाच्या औषधांनीही काळा होतो. हिरवा रंग पालेभाज्यांमुळे येतो, किंवा अन्न आतड्यातून इतक्या वेगाने पुढे सरकते की पित्ताचा हिरवा रंग तपकिरी व्हायला अवधीच मिळत नाही. मळ मातीसारखा फिकट येऊ लागला आणि तसाच राहिला, तर पित्त आतड्यात पोहोचत नसल्याची शक्यता असते. सोबत लघवी गडद आणि डोळे पिवळे दिसत असतील, तर खाण्यात कारण शोधत बसू नये.

काळा रंग लोहाचा की रक्ताचा, हे घरी ठरवण्याच्या युक्त्या टिपणात द्याव्यात का, यावर बराच वेळ बोलणे झाले. पोटात वर कुठे रक्तस्राव झाला असेल तर स्राव डांबरासारखा काळा, चिकट, चकाकणारा आणि विशिष्ट उग्र वासाचा असतो. हे वर्णन द्यायचे ठरले, पण त्याखाली लिहायचे की लोहाची गोळी चालू नसताना काळा रंग दिसला, किंवा गोळी चालू असूनही चक्कर, थकवा, छातीत धडधड असे काही सोबत असले, तर निवाडा स्वतः करू नये, त्याच दिवशी दाखवावे.

१४ फेब्रुवारी

युरोस्टॉमीवाल्या काकांनी आज सांगितले की त्यांना लाल आणि तपकिरी यांतला फरक लहानपणापासून दिसत नाही. त्यांच्या पत्नी रोज एकदा पिशवी पाहून देतात. रंगपट्टी रद्द केली. तिच्या जागी शब्द आणि प्रश्न येतील: नेहमीपेक्षा गडद आहे का, मागच्या दिवसभरात बीट किंवा लाल रंगाचे पेय घेतले का, नवे औषध सुरू झाले का, आणि शंका असल्यास दिवसाउजेडी दुसऱ्या कोणी पाहिले का.

२० फेब्रुवारी

आजचा पूर्ण दिवस रक्तावर गेला. नव्याने स्टोमा झालेल्या माणसाचा पहिला भयभीत फोन बहुधा रक्ताबद्दलच असतो, असे सिस्टर म्हणाल्या.

स्टोमा म्हणजे आतड्याचे आतले अस्तर बाहेर उलटवलेले असते. गालाच्या आतल्या बाजूसारखे ते लाल, ओलसर आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले असते, म्हणून पुसताना कापड जरा जोरात लागले की थेंब-दोन थेंब रक्त येते. त्यात वेदना जाणवणाऱ्या नसा नसल्यामुळे दुखत मात्र नाही. यामुळेच ‘दुखले नाही म्हणजे काही झाले नाही’ हा नेहमीचा अंदाज इथे चालत नाही. पिशवीच्या भोकाची कडा स्टोमाला कापत राहिली तरी माणसाला कळत नाही.

रक्त कुठून येते आहे, हा खरा प्रश्न. आज सकाळी पिशवी बदलताना माझ्याही कापडावर लाल ठिपका उमटला, तेव्हा तीच रीत करून पाहिली जी आता टिपणात जाईल. स्टोमा स्वच्छ केला, गार पाण्यात भिजवलेले मऊ कापड हलक्या हाताने दाबून काही मिनिटे थांबले आणि मग कापड उचलून पाहिले. वरच्या कडेला, साधारण दहा वाजल्याच्या काट्याच्या जागी, टाचणीच्या डोक्याएवढा एक बिंदू पुन्हा ओला झाला आणि थांबला. मधल्या छिद्रातून येणारा स्राव नेहमीसारखा तपकिरी होता. हे पृष्ठभागावरचे रक्त. छिद्राच्या आतून रक्त येत असेल, मळात मिसळलेले असेल, गुठळ्या असतील, किंवा दाबूनही वाहणे थांबत नसेल, तर ते निराळे प्रकरण आहे आणि त्यासाठी ताबडतोब रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि यकृताचा जुना आजार असलेल्यांनी तर किंचितही वाट पाहू नये, कारण यकृताच्या आजारात स्टोमाभोवती फुगलेल्या शिरा तयार होतात आणि त्यांतून जोरात रक्त जाऊ शकते.

पिशवीकडे पाहताना स्टोमाकडेही पाहावे, ही ओळ सिस्टरांनी आग्रहाने घालायला लावली. तो गडद जांभळा, काळा किंवा अगदी पांढुरका दिसला, तर रक्तपुरवठ्याला बाधा आलेली असू शकते आणि ती तातडीची बाब आहे.

२७ फेब्रुवारी

तरुणीने एक फोटो पाठवला. वडिलांच्या पिशवीत अख्खी गोळी होती, आकार शाबूत, एका बाजूचे कोरलेले अक्षरही वाचता येत होते. रक्तदाबाची गोळी तशीच बाहेर पडते आहे, म्हणजे गेले कित्येक दिवस औषध लागूच पडत नसावे, या विचाराने ती हवालदिल झाली होती.

यात दोन शक्यता असतात. काही दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्यांचे औषध झिरपून निघून जाते आणि मागे रिकामे कवच उरते. ते दिसायला गोळीच असते, पण काडीने दाबले की पोकळ आणि स्पंजासारखे मऊ लागते. दुसरी शक्यता अशी की गोळी खरोखरच विरघळलेली नाही. पोटात विरघळू नये म्हणून लेप दिलेल्या आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांना आतड्याची जी लांबी हवी असते, ती इलिओस्टॉमीत उरलेली नसते. तरुणीने दाबून पाहिले. गोळी कडक निघाली आणि आत पांढरी भुकटी होती. तिने ती डबीत घालून फार्मासिस्टला आणि मग डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांनी तेच औषध लगेच विरघळणाऱ्या रूपात, दिवसातून दोनदा असे बदलून दिले.

टिपणात ठळक वाक्य जाईल: अशी गोळी स्वतःच्या मनाने कुटून किंवा मोडून घेऊ नये, कारण बारा किंवा चोवीस तासांचे औषध एकदम अंगात जाते.

६ मार्च

युरोस्टॉमीचे पान आज पूर्ण झाले. काकांच्या पिशवीत पांढरे धागे तरंगतात आणि पहिले वर्षभर त्यांनी ते पू समजून धसका घेतला होता. लघवीची वाट लहान आतड्याच्या तुकड्यातून केलेली असते आणि तो तुकडा जागा बदलली तरी आपला बुळबुळीत स्राव बनवतच राहतो, म्हणून आव दिसणे हे तिथले नेहमीचेच आहे. आव एकाएकी वाढली, लघवी गढूळ आणि दुर्गंधीची झाली, ताप किंवा कमरेच्या वर पाठीत दुखणे सुरू झाले, तर संसर्गाचा संशय घ्यावा.

तपासणीचा नमुना पिशवीतून देऊ नये, हे फार कमी जणांना सांगितले जाते. पिशवीत साचलेल्या लघवीत जंतू वाढलेलेच असतात, त्यामुळे अहवाल हमखास खराब येतो आणि विनाकारण प्रतिजैविके सुरू होतात. नमुना नर्सने निर्जंतुक नळीने थेट स्टोमातून घ्यावा. ते शक्य नसेल तर पिशवी काढून, स्टोमा स्वच्छ करून, गळणारे ताजे थेंब निर्जंतुक बाटलीत धरावेत.

जांभळी पिशवी हा प्रकार वाचकाला अविश्वसनीय वाटेल, पण तो खरा आहे. आहारातल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून आतड्यात आणि यकृतात बनलेला पदार्थ लघवीत उतरतो, काही जंतू त्याचे निळ्या आणि लाल रंगद्रव्यांत रूपांतर करतात, आणि ती प्लास्टिकमध्ये मुरून रात्रीची पिशवी जांभळी होते. रंग स्वतः घातक नाही, पण लघवीत जंतू आहेत एवढे तो सांगतो, म्हणून कळवावे.

काकांनी स्वतःहून एक ओळ सुचवली: युरोस्टॉमीच्या पिशवीत दोन-तीन तास एक थेंबही आला नाही, तर सकाळची वाट पाहू नये. ओळ घेतली. तिचे पुरते महत्त्व मला पुढच्याच आठवड्यात समजणार होते.

१७ मार्च

ही नोंद तीन दिवस उशिरा लिहिते आहे, कारण मी रुग्णालयात होते.

१४ तारखेला रात्री नऊ वाजता पिशवी रिकामी केली. जेवणात आळिंबी होती आणि घाईत ती नीट चावली गेली नव्हती. दीडच्या सुमारास बेंबीभोवती मुरडा येऊन जाग आली. पिशवीला हात लावून पाहिला, ती पोटाला चपटी चिकटलेली होती, आणि मला बरेच वाटले की चला, उठावे लागणार नाही. तीन वाजता पाण्यासारखा, घाण वासाचा स्राव पिचकारीसारखा येऊ लागला आणि पाऊण तासात पिशवी दोनदा भरली. मी प्रामाणिकपणे तक्ता काढला आणि लिहिले: ‘३.१० – पातळ, भरपूर. ३.४० – पातळ, भरपूर.’ तक्ता वाचला तर तो सरळसरळ जुलाबाचा होता. स्राव कमी करणाऱ्या लोपेरामाइडचे पाकीट हातात घेतले, आणि गोळी घेण्याआधी एकदा विचारावे म्हणून सिस्टरांना फोन केला.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘त्याआधी किती तास काहीच आलं नव्हतं?’

माझ्यासमोरच्या कागदावर याचे उत्तर नव्हते. डोक्यात होते: नऊपासून तीनपर्यंत, सहा तास. त्यांनी पुढे विचारले की स्टोमा सुजलाय का. पाहिले तर तो नेहमीपेक्षा जाड आणि ताणलेला होता. त्या म्हणाल्या, गोळी घेऊ नका, काही खाऊ नका, आणि निघा. आतड्यात अन्नाचा बोळा अडकला होता आणि त्याच्या कडेने फक्त पाणी वाट काढत होते. वरून आतड्याची हालचाल मंदावणारी गोळी घेतली असती, तर अडथळा आणखी घट्ट झाला असता. सलाईन, पोटाला विश्रांती आणि एक दिवस देखरेख एवढ्यावर भागले; दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आळिंबीचे न चावलेले तुकडे बाहेर आले आणि पोट मऊ झाले.

दीड महिना आम्ही रंग, दाटपणा, वास आणि रक्त यांवर काम करत होतो, आणि आमच्या तक्त्यात जे आले नाही त्याला जागाच नव्हती. माणूस काही आले की लिहितो. न आलेल्याची नोंद कोणी करत नाही. इलिओस्टॉमीत चार ते सहा तास काहीच न येणे, आणि सोबत मुरडा, मळमळ किंवा पोट फुगणे, ही सगळ्यांत गंभीर खूण आहे. तिलाच आमच्या कागदावर जागा नव्हती.

२१ मार्च

तक्ता नव्याने आखला. आधीच्या रचनेत प्रत्येक ओळ म्हणजे एकदा पिशवी रिकामी करणे, अशी होती. आता ओळी घड्याळाच्या आहेत: चोवीस तासांच्या बारा चौकटी, प्रत्येक दोन तासांची. जे आले ते त्या त्या चौकटीत लिहायचे, आणि काही आले नसेल तर चौकट कोरी न सोडता शून्य लिहायचे. कोऱ्या चौकटीचा अर्थ ‘लिहायचे राहिले’ असाही होऊ शकतो. शून्याचा अर्थ एकच. झोपेच्या चौकटी सकाळी उठल्यावर भराव्यात. सलग दोन शून्ये आली की पोटाकडे लक्ष द्यावे, तीन आली की समासातले प्रश्न वाचावेत. ज्यांच्या ‘माझे नेहमीचे’ पानावरच रात्रीची तीन शून्ये आहेत, त्यांनी आपल्या शून्यांची संख्या तिथूनच ठरवावी. कोलोस्टॉमीवाल्या काकांसाठी दोन तासांच्या चौकटी निरर्थक आहेत, त्यांना एखादा दिवस मळ न येणे नवे नाही. त्यांचा तक्ता दिवसांच्या चौकटींचा असेल आणि त्यातली शून्ये पोटदुखी, फुगणे आणि उलटी यांच्याशी जोडून वाचायची.

अडथळ्याचा संशय आला तर घरी काय करावे, हेही लिहिले. घन अन्न थांबवावे, पिशवीचे भोक सुजलेल्या स्टोमाला आवळत असेल तर मोठ्या भोकाची पिशवी लावावी, गुडघे छातीशी घेऊन पडावे, पोटावर हलका शेक घ्यावा. उलट्या होत असतील, किंवा काहीच येत नसेल आणि कळा थांबत नसतील, तर खाणेपिणे दोन्ही बंद ठेवून रुग्णालयात जावे. जुलाबाची किंवा जुलाब थांबवण्याची, दोन्ही औषधे वर्ज्य. मका, आळिंबी, सुके खोबरे, कवचाची फळे, संत्र्याच्या फोडीवरची साल हे पदार्थ बोळा करणारे म्हणून ओळखले जातात. ते कायमचे सोडावेत असे नाही, थोडे घ्यावेत आणि अगदी बारीक चावावेत.

३० मार्च

अतिस्रावाचे पान लिहिणे सगळ्यांत अवघड गेले, कारण त्यातला सल्ला लोकांच्या समजुतीच्या उलट आहे. स्राव वाढला, तहान लागली, तर माणूस साहजिकच भरपूर पाणी पितो. परंतु इलिओस्टॉमीच्या स्रावात लिटरमागे साधारण १०० मिलीमोल सोडियम निघून जाते, आणि नुसते पाणी लहान आतड्यात पोहोचले की शरीरातले मीठ आतड्यात ओढले जाते, त्याच्यामागे पाणीही जाते, आणि स्राव आणखी वाढतो. जितके प्यावे तितके पिशवीत. म्हणून अशा वेळी साधे पाणी, चहा, कॉफी आणि गोड पेये मर्यादित ठेवून जलसंजीवनी घोटाघोटाने प्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून शिफारस केलेल्या जलसंजीवनीत लिटरमागे ७५ मिलीमोल सोडियम आणि तितकेच ग्लुकोज असते. अतिस्राव टिकून राहिला तर डॉक्टर याहून अधिक मिठाचे द्रावण सुचवतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे आधी विचारून ठरवावे.

तक्त्यात एक उभा रकाना लघवीसाठी वाढवला. पिशवीत भरपूर आणि लघवी थोडी, गडद, ही जोडी शेजारी शेजारी दिसली की कोणालाही अर्थ लागतो. उभे राहताना चक्कर, पायात गोळे आणि कोरडी जीभ यांची खूण करायला तिथेच जागा ठेवली. अतिस्रावाचे कारण शोधताना डॉक्टर विचारतात ते प्रश्नही घातले: नुकतीच प्रतिजैविके घेतली का, घरात इतर कोणाला जुलाब आहेत का, एखादे औषध नव्याने सुरू किंवा अचानक बंद झाले का.

५ एप्रिल

तक्त्याच्या वीस प्रती ओळखीच्या माणसांना वापरायला दिल्या.

कोलोस्टॉमीवाल्या काकांनी मीटिंगनंतर मला बाजूला घेऊन विचारले की गुदद्वारातून अधूनमधून आव जाते, हे लिहायचे का. स्टोमा झाल्यावर तिथून काही येता कामा नये असे त्यांना वाटत होते आणि चार वर्षे त्यांनी हे घरातही बोलून दाखवले नव्हते. ज्यांचे गुदाशय आत ठेवलेले असते, त्यांच्या त्या न वापरलेल्या भागात अस्तर आव बनवतच राहते. शौचाची भावना होते आणि बसल्यावर पांढरी किंवा पिवळसर आव पडते. यात वावगे काही नाही. तिच्यात रक्त किंवा पू दिसला, किंवा दुखू लागले, तर दाखवावे. हा मजकूर मी त्याच संध्याकाळी टिपणात घातला आणि काकांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा ऐकला.

१९ एप्रिल

पहाटे तरुणीचा फोन सिस्टरांना गेला. त्यांनी नंतर मला सांगितले, आणि तिची परवानगी घेऊन इथे नोंदवते आहे. ती फोनवर म्हणाली, ‘सिस्टर, बाबांच्या रात्री दहापासून तीन चौकटी शून्य आहेत. एरवी रात्रीत एकच शून्य असतं. मळमळ आहे, उलटी नाही. स्टोमा लालच आहे पण सुजलाय. लघवी रात्री एकदाच झाली, गडद.’ सिस्टरांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही. त्यांनी रुग्णालयाला आधीच कळवून ठेवले, वडिलांना पोहोचताच सलाईन लागले आणि क्ष-किरण काढले गेले. या खेपेस कारण अन्नाचा बोळा नव्हते, जुन्या शस्त्रक्रियेच्या जागी आतड्याला पडलेला पीळ होता. तातडीने शस्त्रक्रिया झाली. आतडे वाचले.

२६ एप्रिल

वीसपैकी सोळा तक्ते भरून परत आले. सहा जणांनी एकच तक्रार केली: त्यांच्या पिशव्या अपारदर्शक आहेत, रिकामी करताना सगळे थेट भांड्यात जाते आणि पाहायचे राहूनच जाते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात पारदर्शक पिशवी लावतात ती नर्सला दिसावे म्हणूनच. घरी आल्यावर माणूस झाकलेली पिशवी निवडतो, आणि तो त्याचा हक्क आहे. टिपणात लिहिले की पुढून झाकलेल्या, पण आतले पाहण्यासाठी कापडाला फट ठेवलेल्या पिशव्या मिळतात, आणि आजारपणात तेवढे दिवस पारदर्शक पिशवी लावणे सोयीचे पडते.

छपाईसाठी दोन दुरुस्त्या राहिल्या आहेत. चौकटींची उंची वाढवायची, कारण थरथरत्या हाताने लिहिणाऱ्यांना ती पुरली नाही. आणि समासातला स्टोमा नर्सच्या फोनसाठीचा रकाना पानाच्या अगदी वरच्या बाजूला न्यायचा. माझा आजचा तक्ता भिंतीवर आहे: रात्री दहा ते बारा शून्य, बारा ते दोन १८० मिलीलीटर, दोन ते चार शून्य, चार ते सहा १५०.